औदासीन्यावरील गोळ्या : कोणती, कोणाला आणि किती दिवस?

शरीराच्या दुखण्याला आपल्या समाजात जो मान आहे तो मनाच्या दुखण्याला नाही. घरात कोणाला ताप आला की शेजारीपाजारी विचारपूस करावयास येतात. परंतु सून महिनोन् महिने कोणाशी धड बोलत नाही, निवृत्त झालेले गृहस्थ पहाटे तीन वाजता उठून ओटीवर येरझारा घालतात, किंवा महाविद्यालयात जाणारा मुलगा पुस्तकाचे एकच पान उघडून तासन् तास बसून राहतो, तेव्हा ‘स्वभावच तसा’, ‘लाड फार झाले’, ‘कोणाची तरी दृष्ट लागली’ असे म्हणून आपण तो विषय मिटवून टाकतो. पुढे केव्हातरी डॉक्टर गोळ्या लिहून देतात आणि घरात कुजबूज सुरू होते. या गोळ्यांची सवय तर लागणार नाही ना? अमक्याला दुसरीच गोळी दिली होती, मग आपल्याला ही का? आणि बरे वाटू लागल्यावरही ती घ्यावयाची कशासाठी?

हे प्रश्न रास्त आहेत आणि त्यांची उत्तरे आज बरीचशी निश्चितपणे देता येतात. विशेष म्हणजे त्यांतील काही मोलाची उत्तरे परदेशातील मोठ्या रुग्णालयांत नव्हे, तर गोव्यातील साध्या सरकारी दवाखान्यांत शोधली गेली. महाराष्ट्राबाहेर संसार थाटलेल्या आपल्या मराठी कुटुंबांना ही हकीकत ठाऊक असावी, म्हणून हा लेखनप्रपंच.

उत्तरेकडील दोन तालुके

पेडणे आणि डिचोली हे गोव्याच्या उत्तरेकडील तालुके. तेरेखोल नदीपलीकडे सावंतवाडी आणि डिचोलीला लागून दोडामार्ग. त्यामुळे सोयरिकी, बाजार, भजन आणि नाटक या सर्वांनी हा मुलूख कोकणाशी जोडलेला. घरात कोकणी आणि वाचनात मराठी अशी येथील अनेक कुटुंबांची रीत आहे. शिरगावची लईराईची जत्रा, मयेचा तलाव, पेडण्याची पुनव ही नावे गोव्याबाहेर गेलेल्या मंडळींच्याही ओठांवर असतात.

पेडण्याच्या पुनवेचा उल्लेख आम्ही मुद्दाम केला. कोजागिरीच्या त्या रात्री, झपाटलेली म्हणून समजली जाणारी माणसे देवाच्या तरंगांसमोर आणली जातात आणि तेथे त्यांची पीडा दूर होते, अशी पिढ्यान् पिढ्यांची श्रद्धा आहे. या श्रद्धेचा उपहास करण्याचे आम्हांस प्रयोजन दिसत नाही. मनाची पीडा ही खरी पीडा असते आणि ती चारचौघांत सांगता आली पाहिजे, एवढी जाण आपल्या पूर्वजांना होती, असाच तिचा अर्थ आम्ही घेतो. कौल घ्यावा, नवस फेडावा. मात्र त्यासाठी दवाखान्याची वाट बंद करू नये, इतकेच आमचे म्हणणे आहे.

गेल्या काही वर्षांत या दोन तालुक्यांनी मोठी उलथापालथ पाहिली. सप्टेंबर २०१२ मध्ये गोव्यातील लोहखनिजाच्या खाणी बंद झाल्या. पुढे त्या काही अंशी सुरू झाल्या आणि फेब्रुवारी २०१८ मधील सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयाने पुन्हा थांबल्या. डिचोलीतील ज्या घरांनी कर्ज काढून ट्रक घेतले होते, त्यांच्या दारात ते नुसते उभे राहिले. पेडण्यात मोपाच्या पठारावर विमानतळ उभा राहिला आणि जानेवारी २०२३ पासून तेथून विमाने उडू लागली. जमिनींचे भाव, व्यवसाय आणि माणसांचे परस्परसंबंध बदलले. अशा एकाच कारणाने कोणी मनोरुग्ण होतो असे नव्हे. परंतु कर्ज, रोजगाराची अनिश्चिती आणि घरातील कलह ही या विकारांची खतपाण्याची ठिकाणे होत, हे अनेक अभ्यासांनी दाखविले आहे. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या गोव्यातील एका पाहणीत २७० बाळंतिणींचा अभ्यास करण्यात आला. प्रसूतीनंतर सहा ते आठ आठवड्यांत त्यांपैकी सुमारे २३ टक्के माता खिन्नतेने ग्रासलेल्या आढळल्या. आणि आर्थिक ओढाताण, पतीशी असलेले दुरावलेले संबंध व मुलगी झाल्याची नाराजी यांचा त्याच्याशी संबंध दिसून आला.

अशी माणसे डॉक्टरांकडे जातात तेव्हा ‘मला औदासीन्य आले आहे’ असे कधीच म्हणत नाहीत. अंग मोडून येते, जीव घाबरा होतो, छातीत धडधडते, झोप लागत नाही, कशात मन लागत नाही, अशी त्यांची तक्रार असते. मग शक्तिवर्धक औषध, एखादे इंजेक्शन आणि झोपेची गोळी घेऊन ती परत येतात. ही लक्षणे दोन आठवड्यांहून अधिक काळ बहुतेक दिवस टिकली आणि नित्याच्या कामात खंड पडू लागला, तर तो नुसता थकवा नव्हे. थायरॉइडचा विकार, पंडुरोग व मधुमेह यांची तपासणी करून घ्यावी आणि मनाचाही विचार करावा.

गोव्यातील कसोटी

या औषधांचा शोध योगायोगाने लागला. १९५२ मध्ये न्यूयॉर्कच्या एका क्षयरोग रुग्णालयात इप्रोनियाझिड नावाचे औषध दिलेले रुग्ण एकाएकी उल्हसित दिसू लागले. १९५७ मध्ये स्वित्झर्लंडमधील डॉक्टर रोलांड कून यांनी इमिप्रामिन या औषधाचे गुण जाहीर केले. १९८७ च्या अखेरीस अमेरिकेत फ्लुओक्सेटिनला मान्यता मिळाली आणि त्यानंतर या वर्गातील औषधे जगभर पसरली. परंतु पाश्चात्त्य देशांत उपयोगी ठरलेली गोळी आपल्याकडील गर्दीच्या दवाखान्यात, अंगदुखीची तक्रार घेऊन आलेल्या रुग्णालाही उपयोगी पडेल काय?

डॉक्टर विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा प्रश्न गोव्यात कसोटीस लावला. १९९६ मध्ये गोव्यात स्थापन झालेल्या ‘संगाथ’ या संस्थेचे ते एक संस्थापक. दोन जिल्हा रुग्णालयांच्या बाह्यरुग्ण विभागांत आलेले, औदासीन्य वा चिंता यांनी त्रस्त असलेले ४५० प्रौढ रुग्ण निवडण्यात आले आणि जणू चिठ्ठ्या टाकून त्यांचे तीन गट पाडण्यात आले. एका गटास फ्लुओक्सेटिन, दुसऱ्यास तशीच दिसणारी परंतु औषध नसलेली गोळी आणि तिसऱ्यास संभाषणाद्वारे मानसोपचार. निष्कर्ष २००३ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. दोन महिन्यांनंतर फ्लुओक्सेटिन घेणाऱ्यांची प्रकृती औषधविरहित गोळी घेणाऱ्यांपेक्षा निश्चितपणे अधिक सुधारली होती आणि खर्चाच्या दृष्टीनेही ते औषध परवडणारे ठरले. त्यापुढील महिन्यांत मात्र हा फरक तितका ठळक उरला नाही. संभाषणाचा उपचार त्या वेळी औषधविरहित गोळीहून सरस ठरला नाही.

औषध नसलेल्या गोळीनेही काहींना बरे वाटते, याचे नवल वाटावयास नको. १७५६ मध्ये गोव्यातील कांदोळी येथे जन्मलेले आबे फारिया यांनी पॅरिसमध्ये हेच प्रतिपादन केले होते की, संमोहनाची शक्ती प्रयोग करणाऱ्याच्या हातात नसून ज्याच्यावर प्रयोग होतो त्याच्याच मनात असते. पणजीला जुन्या सचिवालयाशेजारी त्यांचा पुतळा आहे. विश्वास आणि अपेक्षा हीदेखील औषधेच होत. खरे औषध त्याहून काही अधिक करते किंवा नाही, हे पाहण्यासाठीच अशी कसोटी लावावी लागते. आणि त्या कसोटीस फ्लुओक्सेटिन उतरले.

कोणती गोळी कोणाला?

सर्वांत प्रभावी गोळी कोणती, असे पुष्कळ लोक विचारतात. २०१८ मध्ये ५२२ चाचण्यांतील १,१६,४७७ रुग्णांची माहिती एकत्र करून २१ औषधांची तुलना करण्यात आली. ती सर्व औषधे औषधविरहित गोळीपेक्षा अधिक गुणकारी ठरली. परस्परांतील फरक मात्र बेताचेच निघाले. म्हणून निवड बहुधा गुणापेक्षा उपद्रवांकडे, रुग्णाच्या वयाकडे आणि त्याच्या इतर व्याधींकडे पाहून केली जाते.

फ्लुओक्सेटिन हे स्वस्त आणि फार वापरले गेलेले औषध. ते सहसा सकाळी घेतात, कारण आरंभी काहींना त्याने अस्वस्थता येते वा झोप उडते. ते शरीरात बराच काळ राहते. त्यामुळे एखादा दिवस चुकला तरी फारसे बिघडत नाही. परंतु त्याचा इतर औषधांशी संघर्ष होऊ शकतो. स्तनाच्या कर्करोगासाठी टॅमॉक्सिफेन घेणाऱ्या स्त्रियांना फ्लुओक्सेटिन आणि पॅरोक्सेटिन ही दोन्ही टाळतात.

सर्ट्रालिन हृदयविकार असलेल्या रुग्णांत वापरून पाहिले गेले आहे आणि अंगावर पाजणाऱ्या मातेसाठीही डॉक्टर पुष्कळदा तेच पसंत करतात. पोट बिघडणे हा त्याचा नेहमीचा उपद्रव. एसिटालोप्राम औदासीन्य आणि चिंता या दोहोंवर चालते आणि बहुतेकांना ते सोसवते. मात्र मोठ्या मात्रेत ते हृदयाच्या ठोक्यांच्या लयीवर परिणाम करू शकते, म्हणून वृद्धांना त्याची मात्रा बेतानेच देतात. पॅरोक्सेटिन चिंतेवर गुणकारी असले तरी त्याने वजन वाढू शकते, ते एकाएकी सोडल्यास त्रास अधिक होतो आणि गरोदरपणात ते सहसा टाळतात.

व्हेन्लाफॅक्सिनने रक्तदाब वाढू शकतो आणि तेही हळूहळूच सोडावे लागते. मधुमेहामुळे पायांची जळजळ होत असलेल्या किंवा जुनाट अंगदुखी असलेल्या रुग्णास ड्युलोक्सेटिनचा दुहेरी लाभ होऊ शकतो. ज्याची भूक आणि झोप दोन्ही गेली आहेत त्याला रात्री मिर्टाझापिन देतात. त्याने वजन वाढते, ही गोष्ट हडकलेल्या वृद्धाच्या पथ्यावर पडते आणि स्थूल माणसाला जाचते.

अॅमिट्रिप्टिलिन आणि इमिप्रामिन ही जुन्या पिढीतील औषधे. ती गुणाने कमी नाहीत; परंतु तोंड कोरडे पडणे, बद्धकोष्ठ, गुंगी आणि लघवी अडणे हे त्यांचे उपद्रव आहेत. प्रोस्टेट वाढलेल्या, काचबिंदूच्या वा हृदयविकाराच्या रुग्णाला ती जपून द्यावी लागतात. ती अधिक प्रमाणात पोटात गेल्यास प्राणावर बेतते. म्हणून त्यांचा मोठा साठा घरात असू नये.

या सर्वांहून वेगळ्या वर्गात अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम आणि डायझेपाम या गोळ्या येतात. त्यांनी तासाभरात जीव शांत होतो, म्हणून त्या लोकांना प्रिय असतात. परंतु त्या औदासीन्य बरे करीत नाहीत आणि सवय लागते ती त्यांचीच. जुनी चिठ्ठी दाखवून औषधाच्या दुकानातून त्या वर्षानुवर्षे आणणारी कितीतरी वृद्ध मंडळी आपल्या ओळखीत असतील. अशा गोळ्या डॉक्टर सुरुवातीचे थोडे दिवस देतात. पुढे त्या त्यांच्याच सल्ल्याने हळूहळू कमी करावयाच्या असतात, एकदम बंद करावयाच्या नसतात.

किती दिवस आणि कोणती खबरदारी?

औदासीन्यावरील औषधाचा गुण दिसावयास दोन ते चार आठवडे लागतात, पुरता दिसावयास सहा ते आठ. मळमळ, डोकेदुखी, अस्वस्थता हे उपद्रव मात्र पहिल्याच आठवड्यात येतात आणि बहुधा पुढे ओसरतात. म्हणजे आधी त्रास आणि मागाहून लाभ, असा हा उलटा व्यवहार आहे. तो आधी समजावून न सांगितल्यामुळे कित्येक रुग्ण दहाव्या दिवशी गोळी टाकून देतात आणि ‘औषध लागू पडले नाही’ असे सांगतात. वस्तुतः त्यांनी औषध पुरते घेतलेलेच नसते.

बरे वाटू लागल्यानंतरही साधारण सहा ते नऊ महिने औषध चालू ठेवावे लागते. विकार पुन्हा पुन्हा उलटत असेल तर त्याहूनही अधिक. या गोळ्यांची ओढ मद्यासारखी लागत नाही. परंतु त्या एकाएकी सोडल्यास चक्कर, चिडचिड, विजेचा हलका झटका बसल्यासारखी जाणीव असे त्रास होतात. म्हणून मात्रा पायरीपायरीने उतरवावी लागते. पती-पत्नीच्या संबंधांत या औषधांमुळे अडचण येऊ शकते. संकोचाने हे कोणी बोलत नाही आणि गोळी मुकाट्याने बंद होते. डॉक्टरांना सांगितल्यास मात्रा किंवा औषध बदलता येते.

आणखी काही गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. पंचविशीच्या आतील तरुणांत आरंभीच्या आठवड्यांत क्वचित आत्मघाताचे विचार बळावतात, तेव्हा घरच्यांनी जवळ राहावे. वृद्धांमध्ये रक्तातील सोडियम उतरून भ्रम होऊ शकतो. सांधेदुखीच्या गोळ्यांसोबत ही औषधे घेतल्यास रक्तस्राव होण्याची शक्यता वाढते. पूर्वी कधी अतिउत्साहाचा, न झोपता भराभर बोलण्या-खर्चण्याचा काळ येऊन गेला असेल तर तो डॉक्टरांना अवश्य सांगावा; अशा रुग्णास निव्वळ या गोळ्या अपाय करू शकतात. आणि काजूच्या हंगामातील उराक असो की बाराही महिने मिळणारी फेणी, औषध चालू असता ती दूर ठेवणेच हिताचे.

गोळीबरोबर माणूस

गोव्यातील संशोधन गोळीपाशी थांबले नाही. ‘मानस’ नावाच्या पुढील उपक्रमात गोव्यातील १२ सरकारी आरोग्य केंद्रे आणि १२ खाजगी दवाखाने मिळून २,७९६ रुग्णांचा अभ्यास झाला. त्याचे निष्कर्ष २०१० मध्ये प्रसिद्ध झाले. येथे डॉक्टरांच्या जोडीला स्थानिक, वैद्यकीय पदवी नसलेले परंतु शिकवून तयार केलेले समुपदेशक नेमले होते. आजार म्हणजे काय ते समजावणे, औषध चालू आहे ना याची विचारपूस करणे, न आलेल्या रुग्णाचा पाठपुरावा करणे, ही त्यांची कामे. सहा महिन्यांनी सरकारी केंद्रांत अशी सोबत मिळालेल्यांपैकी ६५.९ टक्के रुग्ण बरे झाले होते. ती न मिळालेल्यांत हे प्रमाण ४२.५ टक्के होते. खाजगी दवाखान्यांत मात्र असा फरक आढळला नाही. तेथे दोन्ही गटांतील सुमारे ६५ टक्के रुग्ण बरे झाले होते. आपल्या ओळखीचे डॉक्टर तेथे स्वतःच थोडा वेळ काढून बोलत असावेत, असे आम्हांस वाटते.

२००३ च्या कसोटीत मागे पडलेला संभाषणाचा उपचारही पुढे अधिक सोपा आणि आपल्या परिसराला साजेसा करून पुन्हा आजमावण्यात आला. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या चाचणीत गोव्यातील १० आरोग्य केंद्रांतील तीव्र औदासीन्याचे ४९५ रुग्ण होते. सहा ते आठ बैठकांत समुपदेशक रुग्णाला सुटलेली छोटी छोटी कामे पुन्हा हाती घ्यावयास लावीत : सकाळी फिरणे, मैत्रिणीकडे जाणे, परसातील झाडांना पाणी घालणे. तीन महिन्यांनी अशा रुग्णांपैकी ६४ टक्के औदासीन्यातून सावरले. नेहमीच्या उपचारांवर असलेल्यांत हे प्रमाण ३९ टक्के होते.

या साऱ्याचा आम्हांस उमजलेला अर्थ एकच आहे. गोळी उपयोगी आहे. परंतु कोणती गोळी, या प्रश्नापेक्षा ती पुरेसे दिवस घेतली जाते किंवा नाही आणि घेणाऱ्यापाशी कोणी माणूस आहे किंवा नाही, हा प्रश्न मोठा आहे. समुपदेशकांनी जे केले त्यातील निम्मे काम घरातील कोणीही करू शकतो. ‘आज गोळी घेतलीस का?’ असे दरडावून न विचारता ‘आज कसे वाटते?’ असे विचारावे. पहिले चार आठवडे कठीण जातील, हे आधी सांगून ठेवावे. पुढच्या भेटीला सोबत जावे. मरणाचे विचार मनात येतात काय, हेही शांतपणे विचारावे. विचारल्याने ते येत नाहीत, उलट सांगणाऱ्याचा भार हलका होतो.

परमुलखात राहणाऱ्या आपल्या कुटुंबांची आणखी एक अडचण असते. बडोद्यात, हैदराबादेत वा बेंगळुरूस डॉक्टरांची भाषा निराळी. बाजारहाट परभाषेत निभावते. परंतु ‘काळजात धस्स होते’, ‘जीवाला चैन नाही’ हे परभाषेत कसे सांगावे? अशा वेळी लक्षणे, ती कधी सुरू झाली, चालू असलेली इतर औषधे, हे सर्व कागदावर लिहून न्यावे आणि घरातील भाषा जाणणारे कोणी सोबत घ्यावे. केंद्र सरकारने १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू केलेल्या ‘टेलिमानस’ सेवेचा १४४१६ हा क्रमांक देशात कोठूनही, दिवसा वा रात्री, विनामूल्य लावता येतो आणि तेथे मराठीतूनही बोलता येते. गोव्यातील मंडळींस जवळचे आरोग्य केंद्र, म्हापशाचे जिल्हा रुग्णालय आणि बांबोळीची मनोरुग्णालय संस्था या पायऱ्या उपलब्ध आहेत.

‘मन चिंती ते वैरी न चिंती’ अशी आपल्याकडे म्हण आहे. मन वैरी झाले की त्याच्याशी एकट्याने झुंजावे, ही अपेक्षा आता सोडून द्यावयास हवी. मधुमेहाच्या गोळीची डबी आपण जेवणाच्या टेबलावर उघड ठेवतो. मनाच्या औषधाची डबी मात्र कपाटात साड्यांच्या घडीखाली दडते. ज्या दिवशी या दोन डब्या शेजारी शेजारी ठेवण्याचा संकोच घरात कोणाला वाटणार नाही, त्या दिवशी उपचाराचे अर्धे काम झालेले असेल.